शिळेच्या कोपऱ्यातली बहीण

दादाने गाडी पुसायला फडकं नुकतंच ओलं केलं होतं, तेवढ्यात फाटकाशी एक उंच, सडपातळ म्हातारा येऊन उभा राहिला. कोटाच्या सगळ्या गुंड्या लावलेल्या, दाढी मात्र दोन जागी राहून गेलेली. घरात आरसा दाखवणारं कोणी उरलं नाही की माणसाचं असं होतं, हे दादाला ठाऊक होतं.

"तपास करणाऱ्या बाई इथेच राहतात का?"

"इथेच. या आत. छोटी, कोणी आलंय गं."

छोटीची पन्नाशी उलटली होती, केस निम्मे पिकले होते, तरी दादाच्या तोंडी ती छोटीच. बाकी सगळे तिला नुसतं बाई म्हणत. दादाने आयुष्यभर शहरबस चालवली. आता तो बहिणीची गाडी चालवायचा, आणि तिच्या तपासात काय चाललंय हे सगळ्यात शेवटी त्यालाच कळायचं. त्याचं त्याला वाईट वाटत नसे. ड्रायव्हरने पुढे बघावं, मागे कोण चढलं ते बघायचं काम दुसऱ्याचं, असा त्याचा हिशेब होता.

पाहुणे भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक निघाले. त्यांची बायको डोळ्यांची सर्जन. तिनेच काढलेल्या इस्पितळात तिने जन्मभर लोकांचे मोतीबिंदू काढले आणि गेल्या हिवाळ्यात ती गेली. इस्पितळाच्या अंगणात तिची स्मृतिशिळा बसवायची होती.

"काल शिळा बघायला पाथरवटाच्या कारखान्यात गेलो," प्राध्यापक म्हणाले. "वर तिचं नाव, खाली इंग्रजीत दोन ओळी. मी दिलेला मजकूर बरोबर होता. पण अगदी तळाशी, उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत आणखी एक शब्द कोरलेला. एस, ओ, आर, ओ, आर. सॉरर."

"म्हणजे?"

"शब्दकोशात पाहिलं. लॅटिन शब्द आहे. अर्थ, बहीण. माझ्या बायकोला बहीण नव्हती. आईवडिलांची ती एकुलती एक. तिनेच मला तसं सांगितलं होतं."

"पाथरवट काय म्हणतो?"

"रात्री कोणीतरी मागच्या खिडकीतून शिरलं असणार, म्हणतो. पण मला कोणाचं काम ते कळलंय. आदल्या संध्याकाळी इस्पितळातर्फे मजकूर तपासायला तिथे एकच बाई गेली होती. आमची हेड नर्स. तिला सगळे काय म्हणतात? सिस्टर. माझ्या बायकोच्या दगडावर स्वतःला चिकटवून घेतलं तिने. इस्पितळाचा कारभार सध्या माझ्याकडे आहे, मी तिला घरी बसायला सांगितलंय. विश्वस्तांपुढे ठेवायला पुरावा हवा, म्हणून तुमच्याकडे आलो."

छोटीने थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं. "पुरावा तिच्या बाजूने निघाला तर?"

"तर तोही ऐकेन," प्राध्यापक जड आवाजात म्हणाले. "मला माझ्या बायकोची थट्टा झालेली सहन होत नाही, एवढंच."

दाराशी छोटीने सहज विचारलं, "याच कारखान्यात शिळा करायची, हे कोणी ठरवलं?"

"तिनेच. शेवटच्या आजारात म्हणाली, पुलापलीकडच्या पाथरवटाकडेच कर, दुसरीकडे नको. का, ते मी विचारलं नाही."

*

पुलापलीकडचा कारखाना म्हणजे एक लांबट पत्र्याची शेड. दारापासून आतपर्यंत संगमरवराची पांढरी भुकटी, जणू कोणी घरभर पावडर उधळली होती. पाथरवट धिप्पाड, पांढऱ्या मिशांचा माणूस. दोन्ही हात चामड्याच्या एप्रनच्या खिशात खुपसून तो बोलत होता.

"बाई, इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही. त्या खिडकीतून शिरलं असेल कोणी. कडी सैल आहे."

छोटी खिडकीपाशी गेली. चौकटीवर भुकटीचा जाड थर होता आणि त्यात मांजराची पावलं उमटली होती. दादानेही पाहिली. मांजर गलेलठ्ठ असावं, असं त्याच्या मनात आलं.

मग छोटी शिळेपुढे मांडी घालून बसली. टॉर्च अगदी कडेला धरून तिने तिरपा उजेड टाकला. अक्षरांच्या कडा सुरीसारख्या धारदार होत्या. वरच्या मजकुरात 'आर' जिथे जिथे आला होता तिथे त्याचा पाय जरासा लांब, चालायला निघाल्यासारखा पुढे टाकलेला. तळाच्या शब्दातले दोन्ही 'आर' तसेच चालायला निघाले होते.

"सुंदर हात आहे तुमचा," ती म्हणाली.

"असू दे, असू दे," पाथरवट म्हणाला आणि कोपऱ्यातल्या माठाकडे वळला. पेला तोंडाला लावेपर्यंत निम्मं पाणी त्याच्या मिशांवर आणि एप्रनवर सांडलं. त्याने घाईने हात पुन्हा खिशात घातले.

त्याची बायको चहा घेऊन आली. साठीची, बारीक अंगाची बाई. डाव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली. विळी लागली असेल, दादाला वाटलं. त्याच्या बायकोचंही नेहमी तसंच व्हायचं.

"तुम्हीही इथे काम करता का?" छोटीने विचारलं.

"मी कसली करते. झाडलोट, चहापाणी. गिऱ्हाईक आलं की ह्यांना हाक मारते. मला कुठे ती इंग्रजी अक्षरं कळतात."

"तो शब्द कोणी कोरला असेल, काही अंदाज?"

"नाही बाई."

"प्राध्यापकांचा संशय हेड नर्सवर आहे. कामावरून काढतायत तिला त्या सॉररपायी."

बाईच्या हातातला कप बशीवर वाजला. "त्यांचा काय संबंध? त्या बिचाऱ्या मजकूर वाचून लगेच गेल्या. एका सोरोरपायी कोणाची नोकरी कशी काय जाते?"

"जातेय खरी," छोटी म्हणाली आणि चहा संपवून उठली.

*

हेड नर्स घरी होती. इस्पितळाचा पांढरा कोट इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकलेला, जणू आत्ता अंगात घालून निघायचं आहे. रडून झालेलं होतं, आता ती रागावली होती.

"मला लॅटिन येत नाही आणि छिन्नी धरता येत नाही. मी सिस्टर आहे, कारण इंग्रजीत वॉर्डच्या मुख्य नर्सला तसंच म्हणतात. त्यात माझा काय गुन्हा? आणि मॅडमच्या दगडावर मी माझं नाव कशाला घालू? माझं नाव त्यांच्या तोंडात होतं, मला तेवढं पुरे."

"मॅडम कशा होत्या?"

"कडक. ऑपरेशन थिएटरमध्ये शिंकायची चोरी. त्यांना रडताना मी एकदाच पाहिलं." ती थांबली. "चारचौघात सांगायची गोष्ट नाही ती."

"चारचौघात नाही सांगत आपण. दादा आहे फक्त, आणि तो विसरतो."

दादाने मान हलवली. ते खरं होतं.

"काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका बाईची पट्टी सोडायची होती. साधी, गरीब बाई. दोन्ही डोळे अगदी दुधाळ झाले होते, उशीर करून आली होती. नखांत पांढरं पांढरं अडकलेलं. ऑपरेशनआधी मी ब्रशने घासलं तरी निघेना. पिठाच्या गिरणीत असावी. मॅडमनी स्वतः पट्टी सोडली. नेहमी विचारतात तसं विचारलं, काय दिसतंय? ती बाई त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, सॉरी. मॅडम एकदम उठल्या, बाहेर गेल्या. मी मागे गेले तर भिंतीकडे तोंड करून रडत होत्या. मला कळेना, पेशंटने डॉक्टरला सॉरी कशाला म्हणायचं?"

"नीट आठवा. सॉरीच म्हणाली?"

"तसंच काहीसं. हळू बोलली. सोरी, सोरो, असं. दुसरं काय असणार?"

*

"आता कुठे?" गाडी सुरू करत दादाने विचारलं.

"प्राध्यापकांना फोन केला होता. त्यांच्या बायकोची एक जुनी मैत्रीण आहे. मुलींच्या शाळेत लॅटिन शिकवायची. दगडावर काय लिहायचं यावरून तिचं आणि प्राध्यापकांचं वाजलं होतं."

"मग तिनेच केलं," दादा खुशीत म्हणाला. "लॅटिन तिचं, राग तिचा. सोपं आहे."

लॅटिनबाईंच्या खोलीत बसायला एकच रिकामी खुर्ची होती. बाकी सगळ्यांवर पुस्तकं बसली होती. दादा उभाच राहिला.

"वाजलं म्हणजे काय, मी मागणी केली होती," त्या ठणकावून म्हणाल्या. "कॉलेजात आमचं विद्यार्थिनींचं मंडळ होतं. इंग्रजीत त्याला सोरॉरिटी म्हणतात. शब्द आला लॅटिनमधल्या 'सोरोर'वरून. रोजच्या बोलण्यातला 'सिस्टर' इंग्रजीत वेगळ्या वाटेने आला, आणि हा पुस्तकी शब्द मागाहून, मंडळांसाठी, मठांसाठी, थाटामाटाच्या जागांसाठी. आम्ही मुली एकमेकींना सोरोर म्हणायचो. दगडावर मंडळाची खूण असावी असं मला वाटत होतं. प्राध्यापक नाही म्हणाले. मी घरी येऊन दोन दिवस चिडले आणि सोडून दिलं."

"मग दगडावर तुम्ही..."

"मी असते तर मंडळाच्या खुणेसकट लिहिलं असतं. आणि 'सोरोर' लिहिलं नसतं, 'सोरोरी' लिहिलं असतं."

"का?" दादाच्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी दादाकडे पाहिलं, शेवटच्या बाकावरच्या मुलीकडे बघावं तसं, पण प्रेमाने. "दगड बहिणीसाठी असेल तर प्रत्यय लागतो. बहिणीला. सोरोरी. नुसतं 'सोरोर' म्हणजे बहीण. प्रथमा. कर्त्याची विभक्ती. जुन्या थडग्यांवर खाली असं असायचं, 'सोरोर' आणि पुढे 'हिने उभारलं'. इथे तर क्रियापदही नाही. अर्धवट वाक्य आहे ते. माझ्या विद्यार्थिनीने असं लिहिलं असतं तर मी गुण कापले असते."

छोटीने वही नसतानाही काहीतरी मनात लिहून घेतलं, हे दादाला तिच्या डोळ्यांवरून समजलं.

"तुम्ही डॉक्टरीणबाईंना सोरोर म्हणायचात?"

लॅटिनबाईंचा आवाज उतरला. "एकदाच म्हटलं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी. ती म्हणाली, मला नको म्हणूस, तो शब्द आधीच कोणालातरी दिलेला आहे. मी विचारलं कोणाला, तर तिने विषय बदलला. मंडळातल्या सगळ्या मुली तिला नावाने हाक मारायच्या. फक्त तिला."

परतताना दादाने सिग्नलला गाडी थांबवली. मग म्हणाला, "छोटे, तिघीही खऱ्या वाटल्या गं मला. पाथरवट धरून चौघं."

"चौघं खरे नाहीत, दादा. दोघं खोटं बोलले. पण वाईट कोणीच नाही. अशी केस मला आवडत नाही, कारण उकलली की कोणाला तरी रडू येतं."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी छोटीने सगळ्यांना कारखान्यात बोलावलं. स्वतः ती आधीच आली, पाथरवटाच्या बायकोबरोबर मागच्या खोलीत गेली आणि बऱ्याच वेळाने एकटी बाहेर आली. दादाला वाटलं, पाणी प्यायला गेली असेल.

प्राध्यापक एका बाजूला, हेड नर्स दुसऱ्या बाजूला, मध्ये शिळा. लॅटिनबाई गुडघे दुखतात म्हणून एका न कोरलेल्या दगडावर टेकल्या. पाथरवट बायकोशेजारी उभा होता, हात खिशात.

"सुरुवातीलाच सांगते," छोटी म्हणाली, "ज्यांचं गुपित आहे त्यांना विचारून मी बोलतेय. त्या म्हणाल्या, सांगा. नाहीतर त्या स्वतःच सांगणार होत्या."

प्राध्यापकांनी हेड नर्सकडे पाहिलं.

"नाही, प्राध्यापक. तिकडे नका बघू. आधी खिडकी बघा. चौकटीवर भुकटीचा थर आहे, त्यावर फक्त मांजराची पावलं आहेत. माणूस त्या खिडकीतून आलेला नाही. म्हणजे शब्द घरातल्याच कोणीतरी कोरला. शिवाय अक्षरं बघा. या 'आर'चा पाय आणि वरच्या सगळ्या 'आर'चे पाय एकाच हाताचे आहेत. ज्या हाताने शिळा कोरली, त्याच हाताने हा शब्द."

"म्हणजे हा पाथरवट," प्राध्यापक म्हणाले.

"मलाही आधी तसंच वाटलं. पण मी त्यांना पाणी पिताना पाहिलं. माफ करा, मिस्त्री. तुमचे हात थरथरतात. अशा हातांनी एवढी बारीक, धारदार अक्षरं कोरता येणार नाहीत."

पाथरवटाने हात खिशातून काढले. ते खरंच थरथरत होते. "बरीच वर्षं झाली," तो म्हणाला. "लोकांना सांगितलं तर काम बंद पडेल. गिऱ्हाईक मिस्त्रीचा हात बघायला येतं."

"मग अक्षरं कोरतं कोण? ज्यांच्या डाव्या अंगठ्याला चिंधी आहे त्या. छिन्नी डाव्या हातात असते आणि हातोडी चुकली की मार अंगठ्यावर बसतो. झाडलोट करणाऱ्या बाई म्हणाल्या, मला इंग्रजी अक्षरं कळत नाहीत. पण प्राध्यापकांनी तो शब्द मला 'सॉरर' म्हणून सांगितला आणि मी तसाच उच्चारला. या मात्र रागाच्या भरात 'सोरोर' म्हणून गेल्या. तो उच्चार मी पुन्हा फक्त लॅटिन शिकवणाऱ्या बाईंच्या तोंडी ऐकला."

दादाने कपाळाला हात लावला. तो तिथेच उभा होता, त्यानेही ऐकलं होतं.

"लॅटिन येणारी, दगड कोरणारी बाई," छोटी पुढे म्हणाली. "सिस्टर, तुम्ही एका पेशंटच्या नखांतलं पांढरं घासत होतात. ते पीठ नव्हतं. संगमरवर होता. आणि पट्टी सुटल्यावर ती बाई सॉरी म्हणाली नाही. डॉक्टरांना बघून तिने त्यांना हाक मारली."

हेड नर्सने पाथरवटाच्या बायकोकडे नीट पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"डॉक्टरांनी तो शब्द मैत्रिणीला वापरू दिला नव्हता, आधीच दिलेला आहे म्हणाल्या होत्या. मरताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं, शिळा याच कारखान्यात कर. इथे अक्षरं कोण कोरतं ते त्यांना माहीत होतं. आता राहिला तो शब्द. आपण सगळे समजलो की तो मेलेल्या बाईंबद्दल आहे. बाईंनी मला विभक्ती शिकवली, तेव्हा ते उलगडलं. 'बहिणीला' असं लिहिलेलं नाही. नुसतं 'बहीण' लिहिलंय. तळाशी, उजव्या कोपऱ्यात, जिथे करणारा नाव घालतो. ती सही आहे, प्राध्यापक. क्रियापद नाही, कारण क्रियापद म्हणजे ही अख्खी शिळा."

लॅटिनबाई हळूच म्हणाल्या, "गुण कापायला नको होते."

मग पाथरवटाची बायको पुढे आली.

"आमच्या आजोबांचा दगड करायला हे आले होते," ती म्हणाली. "मी ह्यांच्याबरोबर निघून आले. वडील मोठे डॉक्टर. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, आपल्याला एकच मुलगी. ताईला शपथ घातली. ती खिडकीत उभी होती मी निघाले तेव्हा. काही बोलली नाही. मला वाटलं, तिलाही तेच वाटतंय. ताई शाळेत लॅटिन शिकायची आणि घरी येऊन मला शिकवायची. पहिला शब्द तोच शिकवला. वडील समोर असले की आम्ही एकमेकींना तीच हाक मारायचो, त्यांना कळायची नाही म्हणून. डोळे गेले तेव्हा इस्पितळात गेले. चांगली डॉक्टर आहे एवढंच ऐकलं होतं. सासरचं नाव, मला कुठे ठाऊक. पट्टी सुटली आणि समोर ताई."

"मग नंतर भेटलात?" प्राध्यापकांनी विचारलं.

"यायची कधीकधी. दुपारी. त्या स्टुलावर बसून माझं काम बघायची. तुम्हाला सांगायचं म्हणायची. म्हणायची, इतकी वर्षं खोटं बोलले, आता कुठल्या तोंडाने सांगू. मग आजारी पडली." तिने पदराने तोंड पुसलं. "मी इतक्या लोकांचे दगड कोरले, कुठे नाव घातलं नाही. हिच्या दगडावर हात थांबेना. ह्यांनी घाबरून खिडकीचं सांगितलं आणि मी गप्प बसले. सिस्टरांवर येईल हे स्वप्नातही नव्हतं. चूक झाली माझी. शब्द घासून काढते. निघेल."

प्राध्यापक आधी हेड नर्सकडे गेले. "मला माफ करा," ते म्हणाले. "उद्यापासून... आजपासून, या. तुम्ही नसलात तर ते इस्पितळ तिचं वाटणार नाही."

"येईन," हेड नर्स म्हणाली. "पण आज तुमच्यावर थोडी रागावणार आहे."

"रागवा."

मग ते शिळेपाशी आले, वाकले आणि तळाच्या शब्दावरून बोट फिरवलं. "घासायचं नाही," ते म्हणाले. "एक कणही नाही."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. काहीतरी विचारायचं होतं, पण कसं ते सुचत नव्हतं. शेवटी म्हणाले, "तिला लहानपणी ओळखणारं मला कधीच कोणी भेटलं नाही. कशी होती ती?"

पाथरवटाच्या बायकोने स्टुलावरची भुकटी हाताने झटकली आणि ते त्यांच्याकडे सरकवलं.

"बसा, भावोजी," ती म्हणाली. "भित्री होती हो. अंधाराला इतकी घाबरायची, की माझा हात धरल्याशिवाय झोपायची नाही."

छोटीने दादाच्या कोपराला हात लावला. दोघं हळूच बाहेर आले. आतून प्राध्यापकांच्या हसण्याचा आवाज आला, आणि लगेच त्यांचा प्रश्न, "आणि मग?"